नेमसर्व्हर बदलताना कुठल्या दारात काय विचारायचं

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली गोष्ट. सकाळी साडेसातला जामसंड्यातल्या एका बागायतदाराचा फोन आला. "ताई, काल रातीपासून एक पण ऑर्डर येवक नाय. काय झाला बघ गो." आंब्याच्या दिवसांत असा फोन आला की हातातला चहा तसाच राहतो. पेट्या भरून तयार होत्या, दुपारी गाडी निघायची होती, आणि गिऱ्हाइकांचे पत्ते येणार होते मेलवरून.

तपासलं तेव्हा कळलं, की नवी वेबसाइट करून देणाऱ्या बाहेरगावच्या माणसाने शुक्रवारी रात्री नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनचे पत्ते सांगणारे सर्व्हर, बदलले होते आणि त्याच रात्री जुनं होस्टिंग बंद करून टाकलं होतं. नव्या सर्व्हरवर वेबसाइटचा पत्ता होता, मेलचा एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरवर द्यायचा ती नोंद, नव्हता. एमएक्स नसला की पाठवणारा सर्व्हर मेल थेट वेबसाइटच्याच पत्त्यावर नेऊन देतो. तिथे त्या नावाचा कुणी नसतो, म्हणून मेल लगेच परत फिरतो. रांगेत थांबून उशिरा पोचला असता तरी चाललं असतं. पण परत गेलेली ऑर्डर दुसऱ्या बागेत जाते. सोमवारपर्यंत सगळं सुरळीत झालं, पण सीझनचे अडीच दिवस गेले ते गेलेच.

मी देवगडात डीटीपी आणि झेरॉक्सच्या दुकानापासून सुरुवात केली. आज आंबा-काजूवाले, मालवण-तारकर्लीकडचे होमस्टेवाले, एक-दोन पतसंस्था मिळून ४२ डोमेन माझ्या देखरेखीखाली आहेत. त्या एप्रिलनंतर नेमसर्व्हर बदलण्याची माझी एक पद्धत ठरली. आपल्याकडे असं काम करणारे बरेच जण एकटेच असतात, विचारायला शेजारी कुणी नसतं, म्हणून ती इथे सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी कोण कोण आहे ते डोक्यात पक्कं बसवा. डॉट कॉम आणि डॉट नेटची मूळ वही व्हेरिसाइनकडे आहे. डॉट इन आणि देवनागरीतलं डॉट भारत निक्सीकडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे. या वह्या सांभाळणाऱ्या संस्थांना रजिस्ट्री म्हणतात. वहीत लिहिण्याचा हक्क मान्यताप्राप्त रजिस्ट्रारला असतो. आपण रजिस्ट्रारचे ग्राहक, आणि पुष्कळदा तेही नाही: मध्ये एक रिसेलर असतो, ज्याच्याकडून आपण डोमेन घेतलेलं असतं. शिवाय डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा, सांभाळणारा वेगळा, वेबसाइट ठेवणारा वेगळा, मेलवाला वेगळा. हे सगळं एकाच कंपनीकडून घेतलं असेल तर लोकांना ते एकच वाटतं आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

नेमसर्व्हर बदलणं म्हणजे रजिस्ट्रीच्या वहीतली नोंद बदलणं. सातबाऱ्यावरची नोंद जशी आपण घरी बसून खोडत नाही, तशीच हीसुद्धा. आपण पॅनेलमध्ये, म्हणजे आपल्या खात्याच्या पानावर, लिहितो, रजिस्ट्रार ते ईपीपी नावाच्या ठरावीक भाषेत रजिस्ट्रीला पाठवतो, रजिस्ट्री होय किंवा नाही सांगते. रजिस्ट्रीला थेट फोन करून उपयोग नाही, ती तुम्हाला रजिस्ट्रारकडेच पाठवणार. नव्या डीएनएसवाल्याला "तुम्हीच बदलून द्या" म्हणण्यातही अर्थ नाही, त्याचा हात त्या वहीपर्यंत पोचत नाही.

आता तयारी. जुन्या डीएनएसमधले सगळे रेकॉर्ड नव्या जागी आणायचे. हे काम कंटाळवाणं आहे आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. बाहेरून विचारून पूर्ण यादी मिळत नाही, कारण डीएनएस विचारलेल्या नावाचंच उत्तर देतं, कपाट उघडून दाखवत नाही. म्हणून जुन्या पॅनेलमधून झोन फाइल, म्हणजे डोमेनच्या सगळ्या रेकॉर्डांची यादी, उतरवून घ्या. पॅनेलचा पासवर्ड हरवला असेल तर तो आधी मिळवा, अंदाजाने काम करू नका. अगदीच मिळाला नाही तर नावं एकेक आठवावी लागतात: डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, मेल, वेबमेल, ऑटोडिस्कव्हर, बुकिंगचं सबडोमेन, मेल खरा आहे का ते तपासायला लागणारे एसपीएफ आणि डीमार्कचे टीएक्सटी रेकॉर्ड, असला तर सीएए (वेबसाइटचं सर्टिफिकेट कुणी द्यायचं ते सांगणारा). डीकेआयएमचं, म्हणजे मेलवरच्या सहीच्या रेकॉर्डचं, नाव मात्र अंदाजाने सापडत नाही. त्यासाठी त्या डोमेनवरून गेलेला कुठलाही मेल उघडा, त्याचे मूळ हेडर पाहा, डीकेआयएम सिग्नेचरच्या ओळीत 'एस' या अक्षरापुढे जे लिहिलं असेल तेच ते नाव.

झोन फाइल नव्या जागी आयात केली की नावांच्या शेवटचा टिंब तपासा. तो गळला तर नव्या जागी डोमेनचं नाव शेपटीला पुन्हा एकदा चिकटतं आणि मेल सर्व्हरचा पत्ता जगात अस्तित्वातच नसलेला होतो. हे मी दोनदा पाहिलंय.

मग एकेक रेकॉर्ड डिग या डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या कमांडने दोन्हीकडे विचारायचा. जुन्या नेमसर्व्हरचं नाव देऊन एकदा, नव्याचं नाव देऊन एकदा, आणि उत्तरं शेजारी शेजारी ठेवायची. नवा सर्व्हर रजिस्ट्रीत लागलेला नसला तरी थेट विचारल्यावर उत्तर देतो, त्यामुळे काहीही न बदलता सगळी तपासणी आधीच उरकता येते. दोन्ही रकाने जुळेपर्यंत मी रजिस्ट्रारचं पॅनेल उघडतसुद्धा नाही.

टीटीएल, म्हणजे एखादी नोंद किती सेकंद जपून ठेवायची तो आकडा. त्याबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. "मी टीटीएल ३०० करून ठेवला, आता पाच मिनिटांत बदल होईल." तुमच्या झोनमधल्या ए (सर्व्हरचा आयपी पत्ता) किंवा एमएक्स रेकॉर्डसाठी ते बरोबर आहे, आणि दोन दिवस आधी ते जरूर करा. पण नेमसर्व्हरची नोंद रजिस्ट्रीच्या सर्व्हरवरही असते आणि तिथला टीटीएल आपल्या हातात नाही. डॉट कॉमसाठी तो १,७२,८०० सेकंद आहे, म्हणजे पूर्ण दोन दिवस. व्हेरिसाइनच्या वहीत बदल काही मिनिटांत दिसतो हे खरं, पण मंगळवारी सकाळी अकराला तुम्ही बदल केला आणि एखाद्या इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरने, म्हणजे ग्राहकांच्या वतीने पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरने, दहा एकोणसाठला जुनी नोंद उचलली असेल, तर तो गुरुवारी दहा एकोणसाठपर्यंत जुन्याच दारात जाऊ शकतो. त्याची काही चूक नाही. म्हणूनच मुंबईच्या गिऱ्हाइकाला नवी वेबसाइट दिसते आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाला जुनी. डॉट इनसारख्या इतर शेपट्यांचे आकडे वेगळे असतात, ते त्या त्या रजिस्ट्रीच्या सर्व्हरलाच विचारून पाहा.

आणखी एक गोष्ट, जी फार थोडे लोक करतात. जुन्या झोनच्या आतसुद्धा एनएस रेकॉर्ड, म्हणजे नेमसर्व्हरच्या नोंदी, असतात. काही रिझॉल्व्हर रजिस्ट्रीपेक्षा त्या आतल्या नोंदीवर जास्त विश्वास ठेवतात. जुना सर्व्हर "नेमसर्व्हर मीच" असं सांगत राहिला तर ते त्याच्याकडेच घुटमळत राहतात. जुनं पॅनेल परवानगी देत असेल तर तिथलेही एनएस रेकॉर्ड नव्या नावांचे करा, म्हणजे जुन्या दारात आलेल्यालाही नवा पत्ता कळतो.

आता डीएनएससेक, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवर सही करण्याची सोय. इथे घाई केली तर डोमेन अख्खं गायब होतं, म्हणून सावकाश वाचा. झोनवर सही केलेली असेल तर त्या सहीची ओळख, म्हणजे डीएस रेकॉर्ड, रजिस्ट्रीच्या वहीत असते. ती तुमच्या झोनमध्ये नसते आणि डीएनएसवाल्याच्या हातातही नसते. ती रजिस्ट्रारमार्फतच घातली जाते आणि त्याच्यामार्फतच काढली जाते. ती तशीच ठेवून नेमसर्व्हर बदलले, तर वहीत जुन्या सहीची ओळख आणि समोर नवा, सही नसलेला झोन असं होतं. सही तपासणारे रिझॉल्व्हर अशा वेळी उत्तर द्यायलाच नकार देतात. गूगलचा ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हे सगळ्यांसाठी खुले रिझॉल्व्हर दोन्ही सही तपासतात.

तारकर्लीच्या एका होमस्टेचं असं झालं होतं. जुन्या डीएनएस सेवेने सही आपोआप चालू केलेली, मालकाला त्याचा पत्ताच नव्हता. मालकाच्या मोबाइलवर साइट दिसत होती, पाहुण्यांना दिसत नव्हती, आणि पाहुणे खोटं सांगतायत असंच त्याला वाटत होतं. अशा वेळी डिगला सर्व्हफेल, म्हणजे सर्व्हरला उत्तर देता आलं नाही, असं उत्तर येतं. मग त्याच कमांडला प्लस सीडी जोडून पुन्हा विचारा, म्हणजे सही न तपासता उत्तर दे असं सांगा. आता नीट उत्तर आलं तर दोष सहीचाच, दुसरीकडे शोधत बसू नका.

त्यामुळे क्रम असा. आधी रजिस्ट्रारच्या पॅनेलमधून डीएस काढा. रजिस्ट्रीच्या सर्व्हरला थेट विचारून तो खरंच गेला का पाहा. मग त्याचा टीटीएल संपेपर्यंत थांबा, डॉट कॉमसाठी तो ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस. मी दोन दिवस थांबते. तोपर्यंत जुन्या सर्व्हरवरची सही बंद करायची नाही, कारण ज्यांच्याजवळ अजून जुना डीएस आहे त्यांना ती लागते. त्यानंतर नेमसर्व्हर बदला. सगळं स्थिर झालं की नव्या जागी सही चालू करा, आणि नवा डीएस सगळ्यात शेवटी.

लॉकबद्दलही स्पष्ट सांगते. पुष्कळ जण नेमसर्व्हर बदलण्यासाठी ट्रान्सफर लॉक काढून टाकतात. त्याची गरज नाही. 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' हे डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे पळवलं जाऊ नये म्हणून असतं, नेमसर्व्हरला ते आडवं येत नाही. ते राहू द्या. आडवं येतं ते 'क्लायंट अपडेट प्रोहिबिटेड'. ते रजिस्ट्रारने लावलेलं असतं आणि तोच काढतो. 'सर्व्हर अपडेट प्रोहिबिटेड' दिसलं तर मात्र ते रजिस्ट्रीने लावलेलं आहे. तिथे पॅनेलमध्ये कितीही बटणं दाबली तरी काही होणार नाही, रजिस्ट्रारला रजिस्ट्रीशी बोलावं लागेल आणि त्याला वेळ लागतो. हे सगळं आरडॅपवर, म्हणजे डोमेनची नोंद दाखवणाऱ्या सार्वजनिक सेवेवर, कुणालाही पाहता येतं. पूर्वी हूइज होतं. २८ जानेवारी २०२५ पासून आयकॅन या डोमेनांची व्यवस्था बघणाऱ्या जागतिक संस्थेने जेनेरिक (डॉट कॉमसारख्या) डोमेनांसाठी त्याची सक्ती काढली, तेव्हा आता आरडॅपचीच सवय करा.

डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचंही असेल तर दोन कामं एकत्र करू नका. ट्रान्सफरमध्ये नेमसर्व्हरची नोंद जशीच्या तशी नव्या रजिस्ट्रारकडे जाते. पण डीएनएस जुन्या रजिस्ट्रारचंच फुकटातलं असेल, तर ट्रान्सफर झाल्यावर ते कधी बंद होईल याचा भरवसा नाही. म्हणून आधी डीएनएस हलवा, आठवडाभर चालू द्या, मग ट्रान्सफरचा कोड मागा.

दिवस निवडताना मी मंगळवार किंवा बुधवार घेते, सकाळी दहानंतर. शुक्रवार नाही, कारण शनिवार-रविवारी रिसेलरकडे तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बघायला कुणी नसतं. आंबेवाल्यांचं काम मार्च ते मे कधीच नाही, आगोटीची कामं आटोपली की जूनच्या शेवटी. होमस्टेवाल्यांचंही पावसातच, मात्र चाकरमानी गणपतीला यायच्या बरंच आधी. पावसात लाइट जाते, रेंज जाते, म्हणून लॅपटॉप भरलेला, दुसऱ्या कंपनीचं सिम तयार, आणि सुरुवातीच्या सगळ्या नोंदी एका फाइलमध्ये जतन केलेल्या. काम अर्धवट असताना लाइट गेली तर ती फाइल उघडून कुठे होतो ते कळतं.

नावं टाइप न करता चिकटवा. डॉट कॉमची रजिस्ट्री नवे नेमसर्व्हर उत्तर देतात की नाही हे तपासत नाही, दुसऱ्या शेपटीखालच्या नेमसर्व्हरचं एखादं अक्षर चुकलं तरी ती मुकाट्याने घेते. मग चारातला एक नेमसर्व्हर मेलेला राहतो, साइट कधी उघडते, कधी अडखळते, आणि महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. त्याहून वाईट म्हणजे ते चुकलेलं नाव उद्या कुणी विकत घेतलं, तर तुमच्या गिऱ्हाइकांचा काही हिस्सा त्याच्या दारात जाईल. जर्मनीच्या डॉट डीईची रजिस्ट्री डेनिक याच्या उलट आहे, ती नव्या सर्व्हरवर झोन तयार आहे का हे आधी तपासते आणि नसेल तर विनंती परत करते.

बदल सेव्ह केल्यावर पॅनेलवरच्या हिरव्या खुणेवर विसंबू नका. ती खूण रिसेलरने तुमचं म्हणणं लिहून घेतलं एवढंच सांगते. डिगला प्लस ट्रेस जोडा आणि रूटपासून, म्हणजे डीएनएसच्या मुळापासून, खाली काय दिसतं ते पाहा, किंवा डॉट कॉमसाठी ए ते एम या रजिस्ट्रीच्या तेरा जीटीएलडी सर्व्हरपैकी एखाद्याला थेट विचारा. तिथे नवी नावं दिसली म्हणजे वहीत नोंद झाली. अर्ध्या तासात दिसली नाहीत तर तिकीट टाका.

आणि तिकीट कसं लिहायचं हे मला फार महत्त्वाचं वाटतं. "नेमसर्व्हर बदलत नाही, लवकर करा" असं लिहिलं की "४८ तास थांबा" असं छापील उत्तर येतं. त्याऐवजी लिहा: डोमेनचं नाव, रजिस्ट्रीच्या सर्व्हरवर आत्ता दिसणारे नेमसर्व्हर आणि विचारल्याची वेळ, हवे असलेले नेमसर्व्हर, पॅनेलवर आलेला संदेश जसाच्या तसा. वेळ भारतीय आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) दोन्ही द्या. आरडॅपमधली शेवटच्या बदलाची वेळ यूटीसीत असते, तीत साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. ती वेळ तुमच्या बदलाच्या आधीची असेल, तर विनंती रजिस्ट्रीत लागलेलीच नाही, थांबून काही होणार नाही.

रजिस्ट्रार म्हणाला "आम्ही पाठवलंय", तर नम्रपणे ईपीपीचा उत्तर क्रमांक आणि सर्व्हर ट्रान्झॅक्शन आयडी मागा. १००० म्हणजे काम झालं. १००१ म्हणजे स्वीकारलं पण अजून बाकी आहे. २३०३ म्हणजे ती वस्तू वहीत नाही, बहुधा नेमसर्व्हरचं नावच तिथे नोंदलेलं नाही. २३०४ म्हणजे डोमेनची स्थिती, म्हणजे एखादं लॉक, आडवं येतंय. ट्रान्झॅक्शन आयडी हा रजिस्ट्रारने रजिस्ट्रीशी बोलण्याचा धागा. तो मागणारा ग्राहक दिसला की तिकीट वरच्या माणसाकडे जातं, हा माझा अनुभव आहे.

२३०३ चं एक उदाहरण. कणकवलीच्या एका व्यावसायिकाचे नेमसर्व्हर स्वतःच्याच डॉट कॉम डोमेनखाली होते आणि आणखी नऊ डोमेन त्यांवर चालत होती. त्यांनी एनएस३ असं नवं नाव ठरवलं, झोनमध्ये ए रेकॉर्ड टाकला आणि डोमेनला लावायला गेले, तर रजिस्ट्री नाकारत होती. कारण स्वतःच्या डोमेनखालचा नेमसर्व्हर आधी रजिस्ट्रीत आयपी पत्त्यासकट नोंदावा लागतो. नाहीतर पत्ता शोधायला ज्या दारात जायचं, त्याच दाराचा पत्ता हवा असा पेच होतो. पॅनेलमध्ये याला चाइल्ड नेमसर्व्हर किंवा होस्ट म्हणतात, आणि त्या पत्त्याला ग्लू. सर्व्हरचा आयपी बदलला तर झोन आणि ग्लू दोन्हीकडे बदला, एकीकडे विसरलात तर अर्धे लोक जुन्या मशीनवर जातात. त्या नऊ डोमेनांत काही डॉट इन होती, त्यांच्यासाठी निक्सीकडे वेगळा आयपी द्यावा लागत नाही. नाव डॉट कॉममधलं, म्हणून ग्लू फक्त व्हेरिसाइनकडे, आणि तोही त्या डॉट कॉम डोमेनच्या रजिस्ट्रारमार्फतच. ते एक डोमेन नूतनीकरणाला राहिलं तर दहाही बंद पडतील, म्हणून त्याचं नूतनीकरण आम्ही एकदम पाच वर्षांचं करून टाकलं.

बदल झाला, सगळीकडे नवं दिसायला लागलं, तरी जुनं डीएनएस सात दिवस चालू ठेवा. दोन दिवस हा हिशेब आहे, सात दिवस ही माझी खबरदारी. त्या काळात एखादा रेकॉर्ड बदलावा लागला तर दोन्हीकडे बदला. जुन्या होस्टिंगचा महिना संपत आला असेल तर एक महिन्याचे जादा पैसे भरा. ग्राहक कुरकुरतो, तेव्हा मी त्याला त्या अडीच दिवसांतल्या परत गेलेल्या ऑर्डरी सांगते. जुना मेलबॉक्सही याच आठवड्यात रोज एकदा उघडून बघा, तिथे चुकून पडलेला मेल सापडतो.

आठव्या दिवशी जुन्या सर्व्हरचा क्वेरी लॉग, म्हणजे आलेल्या विचारणांची नोंद, मिळत असेल तर पाहते. रेंगाळणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, सोडले तर खऱ्या रिझॉल्व्हरची विचारणा थांबलेली असते. थांबली नसेल तर कुठला तरी नेमसर्व्हर किंवा आतला एनएस रेकॉर्ड जुना राहिलाय, तो शोधून दुरुस्त करते आणि आणखी दोन दिवस देते. त्यानंतर जुना झोन काढते, जुन्या पॅनेलचं खातं बंद करते, आणि टीटीएल पुन्हा ३,६०० वर नेऊन ठेवते. त्या बागायतदाराचं डोमेन मी पुढच्याच जुलैत याच पद्धतीने हलवलं. नंतर त्यांना फोन करून सांगितलं, तर ते म्हणाले, "बदललास कधी? आमका काय समाजलाच नाय."